ती नंतर जेवते

"घरी काय खातात त्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि प्रश्न इतका सोपा होता की त्यानं लगेच उत्तराला तोंड उघडलं. "आपलं नेहमीचंच," तो म्हणाला. "नेहमीचं म्हणजे?" बाई वयानं लहान होत्या. पेन कागदावर टेकवून त्या थांबल्या होत्या. "म्हणजे सकाळी चहा-पाव. दुपारी डब्यात भात, बटाट्याची भाजी, कधी एखादं उकडलेलं अंडं. संध्याकाळी डाळ-भात, कोबी—" "डब्यात? त्या कामाला जातात का?" "नाही, डबा माझा." "मग हे तुमचं जेवण झालं. मी त्यांचं विचारतेय." त्यानं पुन्हा तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते काय लिहिलं असेल या विचारानं त्याचे कान तापले. दुकानाच्या रांगेत पिशवी धरून उभी असतानाच त्याची बायको खाली बसली होती आणि बसल्या जागी कलंडली होती. निरोप आला तेव्हा तो एका उंच इमारतीच्या माथ्यावर, लिफ्टच्या यंत्रखोलीत, कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेला होता. तसाच धावत आला होता. अंगात रक्त नावालाच उरलंय, बाई म्हणाल्या होत्या, हे काही आज-कालचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. काही दिवस इथे ठेवू. तुम्ही घरून जेवण आणलंत तर बरं. त्यांना काय आवडतं?

घरी जाताना तो चालत गेला. बसच्या रांगेत उभं राहिलं की लोक बोलतात, आणि त्याला कोणाशी बोलायचं नव्हतं. त्याला एक साधं काम करायचं होतं. बायको जेवताना आठवायची. एवढ्या वर्षांचा संसार, दिवसातून दोनदा जेवण, म्हणजे हजारो वेळा ती जेवली असणार, त्यातली एक वेळ आठवली की झालं. त्याला तिची पाठ आठवली. शेगडीपाशी वळलेली, पदराचं टोक कमरेला खोचलेलं. तिचं कोपर आठवलं, डावातून डाळ ताटात पडताना शेवटच्या थेंबाला मनगटाला मिळणारा तो हलका हिसका आठवला. "बसा तुम्ही, मी आलेच," हे तर असं आठवलं की रस्त्यात मागे वळून पाहावंसं वाटलं. पण ती आली कधी? तो, त्याचे म्हातारे वडील अण्णा आणि मुलगी, तिघं टेबलाशी बसलेली, चौथी खुर्ची भिंतीला लावलेली, तिच्यावर इस्त्रीचे कपडे. ते कपडे तिथे कधीपासून असायचे? एक आठवण होती, पण ती लग्नाच्या आधीची. चहाच्या दुकानात ती त्याच्यासमोर बसली होती, तिनं दोन ऑम्लेटं खाल्ली होती आणि मग पावाच्या तुकड्यानं बशी अशी पुसून घेतली होती की पोऱ्यानं ती धुतलेली समजून पुन्हा मांडणीवर ठेवावी. "माझी भूक बघून पळून जाऊ नका हं," ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, पळतोय कसला, तुला पोसायचं म्हणजे दोन नोकऱ्या कराव्या लागतील. दोघं हसली होती. मग त्या बाईचं काय झालं? रस्ता ओलांडताना त्याच्या मनात आलं की ती बाई आणि ही बाई यांच्यामध्ये कुठेतरी एक मजला आहे आणि त्या मजल्यावर आपण कधी थांबलोच नाही. पण हा विचारही त्याला नीट धरता येईना.

मध्ये एक वाईट वर्ष आलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. कंपनी बुडाली, पगार थांबला, मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, या महिन्यापासून जरा हात राखून. एवढंच. दुसरं काय म्हणणार? तिनंही त्राग्याचा शब्द काढला नाही. उलट त्यात ती रंगली. चहाची पूड दोनदा उकळायची, बटाट्याच्या सालांचं पाणी डाळीत घालायचं, दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात. शिळा पाव वाळवून कुटून ठेवायचा. शेजारणी शिकायला यायच्या. तो मित्रांत फुशारकी मारायचा, आमची ही दगडाचंसुद्धा कालवण करील. पुढे दुसरी कंपनी मिळाली, पगार वाढला, अण्णांचं पेन्शन सुरू झालं. मग आपण तिला सांगितलं होतं का, की आता पुरे, आता सोड हात? सांगितलं होतं. नक्की सांगितलं होतं. जिन्यात, पिशव्या घेऊन चढताना. की ते तिला सांगावं असं जिन्यात नुसतं मनात आलं होतं? जिना आठवत होता, पिशवीचे बंद बोटांत रुतलेले आठवत होते. आवाज मात्र आठवत नव्हता, स्वतःचाही आणि तिचाही.

घरात अण्णा खिडकीशी बसले होते आणि मुलगी पुस्तक उघडून त्यात न बघता बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, काळजीचं कारण नाही असं दोनदा सांगितलं, मग शर्टाच्या बाह्या वर करून स्वयंपाकघरात गेला. चारचार मजल्यांचे लिफ्टचे दोर ज्यानं हातानं ताणून बसवले त्याला भात लावता येणार नाही की काय! पण स्वयंपाकघर परक्याच्या घरासारखं निघालं. डब्यांत डबे, कापडाच्या पुरचुंड्या, एका बरणीत कोबीचे दांडे मिठात घातलेले, एका वाटीत तळणीचं गाळलेलं तेल, त्यावर बशी, बशीवर दगड. "दांडे टाकायचे नाहीत," मुलगी दारातून म्हणाली. "ते सूपला. आणि बाबा, साल इतकी जाड नको काढू, आई ओरडेल." "आई इथे नाहीये." "तरी." तिच्या आवाजात असं काही होतं की त्यानं साल पातळ काढायला सुरुवात केली. तांदळाच्या डब्यात कान तुटलेला एक कप होता. "किती घालते ती?" "दीड. सपाट. वर शीग नाही." त्यानं सपाट दीड कप घातला. एरवी चौघांना दीड म्हणजे आज तिघांना उरेलसुद्धा, असं मनाशी म्हणाला. डाळ जरा लागली, पण खाण्यासारखी झाली. त्यानं अण्णांना वाढलं, मुलीला वाढलं, उभ्यानंच वाढलं, कारण बसून वाढता येत नाही हे त्याला आज कळत होतं. अण्णांनी भात पुन्हा घेतला. मुलीनं पुन्हा घेतला, वाढीचं वय, तिला नको कोण म्हणणार? मग तो बसला आणि त्यानं पातेलं जवळ ओढलं, तर तळाशी चिकटलेला, करपट असा दोन-चार घास भात होता.

तो पातेल्यात बघत राहिला. "कप चुकला असेल तुझा," तो म्हणाला. "नाही चुकला," मुलगी म्हणाली. "रोज मीच निवडते तांदूळ. दीडच." "चौघांना?" "हो." "अगं, हा तिघांनाच जेमतेम आहे." तिनं मान वर केली. "मग आई काय खाते?" हे त्यानं विचारलं की तिनं, हे नंतर त्याला सांगता आलं नसतं. "ती नंतर जेवते," मुलगी म्हणाली. "नंतर काय जेवते?" "मला काय माहीत! मी अभ्यासाला बसते ना तेव्हा!" आणि ती एकदम ताटावरून उठली, हात न धुताच आत गेली. अण्णांनी मिशी पुसली. "सूनबाईला भूक कमीच," ते म्हणाले. "पहिल्यापासून." पहिल्यापासून? ती दोन ऑम्लेटं मग कोणी खाल्ली? त्याला अण्णांचा राग आला, आणि मग लक्षात आलं की डॉक्टरीणबाईंनी अजून थोडं ताणून धरलं असतं तर आपणही हेच उत्तर दिलं असतं, याच शब्दांत. पोटाला चिमटा घेऊन संसार केला असं लोक म्हणतात. कोणाच्या पोटाला, ते म्हणत नाहीत. त्यानं करपलेला भात खरवडून खाल्ला. चव वाईट नव्हती. कडूसर, कुरकुरीत. ही चव तिच्या ओळखीची असेल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावर सुट्टी टाकून तो कोपऱ्यावरच्या दुकानात सामान आणायला गेला, याच दुकानाच्या रांगेत ती कोसळली होती. दुकानातल्या बाईनं आधी तिची चौकशी केली, हळहळली, मग म्हणाली, "नेहमीचंच बांधू ना?" आणि उत्तराची वाट न बघता तिचे हात चालू लागले. तुकडा तांदूळ. तडकलेली अंडी, निम्म्या भावाची, कागदात वेगळी गुंडाळलेली. डागाळलेले बटाटे. "चांगले द्या," तो म्हणाला. "सगळं चांगलं द्या. अख्खा तांदूळ द्या." बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं तिच्या एखाद्या मैत्रिणीला नावं ठेवली. "तुमच्या बाईंसारखं गिऱ्हाईक नाही हो. एक दाणा वाया जायचा नाही. दुसऱ्या बायकांना मी त्यांचं उदाहरण देते." तिनं अख्खा तांदूळ मोजला. मग मागे वळून फळीवरून एक छोटा टिनचा डबा काढला, फडक्यानं पुसला. "आणि हा." "हे काय?" "गोड दूध. घट्ट. दर आठवड्याला एक नेतात ना. झाकण मी इथेच उघडून देते." महाग डबा होता. त्या किमतीत आठवड्याचं दूध आलं असतं. "आमच्या घरी?" तो म्हणाला. "आता घरी नेतात की आणखी कुठे, ते मी कसं सांगू?" बाई म्हणाली, आणि आपण काहीतरी जास्तीचं बोललो असं वाटून तांदळाची पिशवी उगाच घट्ट बांधू लागली.

घरात तसा डबा त्यानं कधी पाहिला नव्हता. ना कचऱ्यात, ना फळीवर. मुलीला विचारलं, ती म्हणाली, "आई आणि असलं काही? वेड लागलंय का तुला?" कालपासून त्याच्या छातीत जे एक जड, ओलं असं साठत होतं, आणि जे त्याला खरं म्हणजे थोडं बरंही वाटू लागलं होतं, त्याला आता चीर गेली. ती उपाशी राहत होती की नव्हती? कोणासाठी नेत होती? कोणाचं मूल होतं कुठे, कोणी म्हातारं माणूस? कोणी—? पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही, पण ते पुरं न केल्यानं गेलंही नाही. बटाटे सोलताना त्याला आपली लाज वाटली, आणि अंडी उकडताना तिचा राग आला, आणि डब्यात भात भरताना दोन्ही एकदम. एवढ्या वर्षांत ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिच्याबद्दल आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक आहेत, आणि त्या दोन्ही एकमेकींशी भांडताहेत. यातली कोणती धरावी? दया धरायला सोपी होती. दयेत माणूस निदान थोडा मोठा होतो.

दवाखान्यात ती उशीला टेकून बसली होती. हाताला नळी, चेहरा कागदासारखा, पण डोळे नेहमीचे. "गॅस बंद करून आलात ना?" हे तिचं पहिलं वाक्य. मग डब्याकडे बघून, "अख्खा तांदूळ? कोणी सांगितलं होतं?" तो स्टुलावर बसला आणि डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. ती चमचा धरून राहिली. भाताकडे पाहिलं, अंड्याकडे पाहिलं, मग चमच्यानं भाताची मधोमध रेघ पाडली आणि अर्धा भाग त्याच्याकडे सरकवला. "तुम्ही खाल्लंत?" "खाल्लं." "खोटं बोलताय. घ्या." "अगं, तू खा!" तो जरा मोठ्यानं बोलला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं मान वळवली. त्याला इतकं काही विचारायचं होतं की भलतंच आधी बाहेर आलं. "गोड दुधाचा डबा कोणासाठी नेतेस?"

तिनं चमचा खाली ठेवला. पकडली गेल्यासारखी ती दचकेल असं त्याला वाटलं होतं, पण ती दचकली नाही. उलट, कोणीतरी एकदाचं दार वाजवलं म्हणून उघडायला जावं तशी म्हणाली, "मी खाते."

"तू?"

"मीच. दुकानाच्या मागे बाक आहे ना, पाण्याच्या टाकीपाशी, तिथे बसून. चमचा पिशवीत असतो. सगळा डबा संपवते, टाकीवर हात-तोंड धुते, डबा तिथल्या पिंपात टाकते आणि येते घरी."

"एकटी?"

"मग काय वाजंत्री लावू?"

त्याला हसू यायला हवं होतं. "आणि घरी? घरी का नाही जेवत? पैसे नाहीत का आपल्याकडे? मी तुला म्हणालो नव्हतो का, की आता—" तो थांबला. "म्हणालो होतो ना?"

"म्हणाला असाल," ती म्हणाली. "आठवत नाही मला. म्हणाला असतात तरी काय झालं असतं? पैसे आहेत, ते मला कळत नाही का? पण टेबलाशी बसलं ना, की मला जेवण दिसतच नाही. अण्णांना अजून लागेल का, पोरीनं घेतलं का, उद्याच्या डब्याला किती राहिलं, तेच दिसतं. माझ्या ताटात जेवढं येतं तेवढं कुठून तरी कमी होतं. घास उचलला की वाटतं हा कोणाचा? मग सगळे उठले की खरवड खाते. ती कोणाची नसते." तिनं नळी लावलेला हात जरा हलवला, मनगट अवघडलं असावं. "आणि डबा असा बाहेर, रस्त्यावर, तिथे कोणी वाटेकरी नाही. तिथे मला भूक लागते. इतकी लागते की भीती वाटते." आणि मग एकदम चिडून, "असं तोंड करून बघू नका. उपाशी बिपाशी नव्हते मी. कोणावर उपकार केले नाहीत. उद्या जगभर सांगत फिराल, बिचारीनं आमच्यासाठी हाडं झिजवली म्हणून. बिचारी नाहीये मी."

 हे तिनं सांगितलेलं सगळं त्याला शब्दन् शब्द कळलं होतं आणि एकत्र मिळून काही कळलं नव्हतं. तिला बिचारी म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं? आणि आपण कोण मग, ज्यानं खाल्लं तो, की ज्याला सांगितलं नाही तो? त्यानं अर्धा भात खाल्ला, कारण त्याच्याशिवाय ती खाणार नव्हती, आणि प्रत्येक घासाला वाटत राहिलं की खातोय हे चुकतंय, आणि नाही खाल्लं तर तेही चुकलंच असतं. तिनं तीन-चार चमचे खाल्ले आणि म्हणाली, "तिकडे बघा जरा. तुम्ही बघताय म्हणून उतरत नाही." तो खिडकीकडे वळला. मागे काय चाललंय ते त्याला कळलं नाही. म्हातारी मात्र सगळं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नव्हतं.

ती घरी आली त्या संध्याकाळी त्यानं तिला शेगडीपाशी येऊच दिलं नाही. मुलीनं चौथ्या खुर्चीवरचे कपडे उचलून आत नेले आणि खुर्ची टेबलाशी लावली. पातेलं मोठं काढलं होतं, भात काठोकाठ होता, कोबी होता, अंड्यांचा रस्सा होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, गोळ्या अन्नाच्या जागी नाहीत. ती खुर्चीवर बसली, पाहुणी बसावी तशी, काठावर. त्यानं तिच्या ताटात वाढलं. सगळे थांबले. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. तिनं घास केला. तो तोंडाशी नेला आणि तिचे डोळे अण्णांच्या ताटाकडे गेले, तिथून पातेल्याकडे, पातेल्याकडून मुलीच्या वाटीकडे. "भरपूर आहे गं," तो म्हणाला. "दिसतंय मला," ती म्हणाली. घास परत ताटात आला. तिच्या कपाळावर घाम होता. "आई, खा ना," मुलगी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. अण्णा म्हणाले, "सूनबाई, मला आज भूक नाही फारशी, तू—" "अण्णा, तुम्ही जेवा!" ती किंचाळलीच जवळजवळ, मग दोन्ही हात टेबलावर पसरून खाली बघत बसली. डोक्यावरचा दिवा बारीक गुणगुणत होता. त्याला वाटलं आता ती उठेल, पदर खोचेल, डाव हातात घेईल, आणि सगळं जिथल्या तिथे जाईल, आणि आपल्याला, देवा, थोडं बरं वाटेल.

तो उठला. आपण काय करतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं अण्णांची काठी त्यांच्या हातात दिली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं. "चला," तो मुलीला म्हणाला. "कुठे?" "बाहेर." "अरे, पण माझा भात—" अण्णा म्हणाले. "नंतर जेवा," तो म्हणाला. "आज आपण नंतर जेवायचं." बायकोनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते बघायला तो थांबला नाही. तिघं जिन्यात आली आणि त्यानं मागे दार ओढून घेतलं.

जिन्यात कोंदट उजेड होता. अण्णा पायरीवर बसले, काठी गुडघ्यांमध्ये. मुलगी कठड्याला टेकली. वरच्या मजल्यावरची शेजारीण कचऱ्याची बादली घेऊन उतरत होती, ती थबकली. "काय हो, किल्ली हरवली का?" "नाही," तो म्हणाला. "मग सगळे असे बाहेर?" "आत जेवण चाललंय." तिनं दाराकडे पाहिलं, या तिघांकडे पाहिलं, आणि घरोघरी मातीच्या चुली असं मनाशी ठरवून ती खाली गेली. आत काही वाजत नव्हतं. मुलगी पुटपुटली, "बाबा, ती नसेल जेवत. नुसती बसली असेल." असेलही. किंवा उठून भांडी घासायला लागली असेल. किंवा रडत असेल. त्याला दारावर कान ठेवावासा वाटला, पण ते बघण्यासारखंच झालं असतं. अण्णांच्या पोटात गुरगुरलं. भरल्या घराबाहेर भुकेनं उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्याला समजतंय का, की समजतंय असं नुसतं वाटतंय? त्याचं त्यालाच उमगेना. मग आत एक खुर्ची सरकली. मुलीनं त्याचं मनगट धरलं. पावलं शेगडीकडे गेली, थांबली. पातेल्यावरचं झाकण निघालं. डाव भांड्याला लागला, एकदा, आणि मग, जरा वेळानं, पुन्हा एकदा.

"घेतला का गं तिनं?" अण्णांनी विचारलं.

"श्शू," मुलगी म्हणाली.